यकृतशोथ-ब : मुंबईतील मृत्यूंचा कल

हिपॅटायटिस बी विषाणूमुळे होणारा, लशीने टाळता येणारा यकृताचा विकार. बोलीत ‘पांढरी कावीळ’. पावसाळ्यात मुंबई महापालिका जिचे आकडे जाहीर करते ती कावीळ मुख्यतः अ आणि ई प्रकारची, दूषित पाण्यातून येणारी. ब प्रकार रक्तातून, शरीरसंबंधातून व बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो; त्याला ऋतू नाही. गळ्यात माळ घालून कावीळ उतरवणारे या गल्लतीवरच जगतात, कारण अ प्रकार बहुधा आपोआप बरा होतो.

मृत्यूंची मोजणी हा वादाचा विषय आहे. मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला म्हणून रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ व बाहेरील मृत्यूसाठी नमुना ४अ भरतात. पहिल्या ओळीत तात्कालिक कारण, त्याखाली त्यामागचे आणि शेवटी मूळ कारण, असा क्रम असतो. ‘रक्ताची उलटी’, खाली ‘सिरॉसिस’ (यकृतावर व्रण साचून ते निकामी होणे) एवढे लिहून डॉक्टरांचा हात थांबला की मृत्यू सिरॉसिसच्या खात्यात (रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील संकेतांक के७४) जमा होतो; यकृताचा कर्करोग लिहिला तर सी२२ मध्ये. विषाणू कागदावर येतच नाही. म्हणून काही अभ्यासक दाखल्यांवर थेट नोंदलेलेच मृत्यू धरतात, तर काही सिरॉसिस व यकृतकर्करोगाच्या मृत्यूंतील विषाणूजन्य वाटा अंदाजाने काढतात. दुसरी रीत अधिक ग्राह्य वाटते. पहिलीत रोग खरा आहे त्याहून बराच सौम्य दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ब प्रकाराने जगात २०१९ मध्ये सुमारे ८.२ लाख, तर २०२२ मध्ये सुमारे ११ लाख मृत्यू झाले. या वाढीचा काही भाग नव्याने हाती आलेल्या माहितीचा असावा. भारतात २०२२ मध्ये सुमारे २.९८ कोटी लोक बाधित होते.

रक्तद्रवापासून बनवलेली लस अमेरिकेत १९८१ मध्ये व जनुकीय तंत्राची १९८६ मध्ये मान्य झाली. भारतीय बनावटीची जनुकीय लस १९९७ मध्ये हैदराबादेतून आली. राष्ट्रीय लसीकरणात तिचा प्रयोग २००२-०३ पासून झाला व २०११ पासून ती देशभर मिळू लागली. पहिला डोस जन्मानंतर २४ तासांत द्यायचा, म्हणजे प्रसूतिगृहातच. ही घाई सकारण आहे : जन्मावेळी लागण झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के बाळांत रोग कायमचा राहतो, प्रौढांत तो ५ टक्क्यांहून कमी जणांत राहतो.

सिरॉसिस वा कर्करोग व्हायला मात्र बहुधा काही दशके जातात. मुंबईत आज या रोगाने दगावणारे बहुतेक लशीपूर्वी जन्मलेले असल्याने लशीचा परिणाम मृत्यूंच्या आकड्यांत उशिरा उतरेल. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना लस सुरू केल्यावर मुलांमधील यकृतकर्करोग घटला. मुंबईची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६० च्या दशकापासून, देशात सर्वांत जुनी, म्हणून असा उतार तिच्यात दिसू शकेल.

व्यावसायिक रक्तदात्यांवर १९९८ पासून बंदी आहे. अमिताभ बच्चन यांनी १९८२ च्या अपघातानंतर घेतलेल्या रक्तातून आपल्याला ही लागण झाल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. २०१८ च्या राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतशोथ नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत.