सगळं मातीला परत: इंदूरच्या घरगुती सवयींची पार्श्वभूमी

इंदूर २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं आणि त्यानंतर त्याची इतकी चर्चा झाली, की ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय महापालिकेच्या गाडीबरोबरच आली असं नव्या पिढीला वाटतं. रामबाग, नारायणबाग किंवा राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांमधल्या जुन्या मराठी घरांत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना मात्र हे पटणार नाही. त्या घरांत कचरा असा फारसा नव्हताच. भाजीची देठं आणि सालं गाईपुढे जात. चुलीतली राख भांडी घासायला लागे, उरलेली झाडांच्या आळ्यात पडे. न्हाणीचं पाणी परसातल्या अळवाला आणि केळीला मिळे. लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची, गोधडी फाटली की पायपुसणं. पंगत पळसाच्या पत्रावळींवर उठायची आणि त्या पत्रावळी उकिरड्यावर कुजून जायच्या.

या सवयींमागे पक्कं रसायन होतं. लाकडाच्या राखेत पोटॅशचा क्षार असतो. तो भांड्याच्या तेलकटपणाशी मिसळला की साबणासारखाच पदार्थ तयार होतो. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, त्याचा फेस मळ सोडवतो आणि पुढे मातीत विरघळून जातो. म्हणूनच धुण्या-भांड्यांचं पाणी थेट झाडांना घालता येत असे.

पण त्या काळाचं नुसतं कौतुक करणं मला अन्यायाचं वाटतं. सारवणं, घासणं, शिवणं हे सगळं बायकांच्या अंगावर होतं. संडासातला मैला डोक्यावरून वाहून नेण्याचं काम जातीने एका समाजावर लादलेलं होतं. जुनं परत आणायचं म्हणताना नेमकं काय आणायचं, हे आधी ठरवायला हवं.

शहर वाढू लागलं तेव्हा ही घरगुती व्यवस्था अपुरी पडली. गिरण्या आल्या, वस्ती दाटली, प्लेगच्या साथी येऊ लागल्या. होळकर दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना पाचारण केलं. त्यांनी १९१७ च्या दिवाळीत जे केलं ते आजच्या कोणत्याही स्वच्छता मोहिमेने अभ्यासावं असं आहे. त्यांनी मोठी मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं, की ज्या भागातली घरं आणि रस्ते सर्वांत स्वच्छ असतील त्या भागातून ती जाईल. लोक स्वतःहून झाडलोट आणि डागडुजीला लागले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भव्य प्रतिमा होती, सफाई कामगारांना मानाचं स्थान होतं आणि घराघरांत लावायला तुळशीची रोपं वाटली गेली. स्वच्छतेला दंडाऐवजी सणाशी जोडल्यामुळेच लोक मनापासून कामाला लागले, असं मला वाटतं.

गेडिस यांचा इंदूरवरचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत निघाला. युरोपातली शहरं सगळं गटारात सोडत होती. गेडिस यांचं म्हणणं होतं, की भारताने खेड्यातली रीत धरावी आणि सगळं मातीला द्यावं. खर्चिक भुयारी गटारांऐवजी सांडपाणी आणि घाण बागांकडे वळवावी, असा त्यांचा आग्रह होता.

त्यानंतर काही वर्षांतच, १९२४ साली, इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड बिहारमधल्या पुसाहून इंदुरात आले. दरबाराने दिलेल्या जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. पुढे तिथेच कृषी महाविद्यालय झालं. माळव्याच्या काळ्या जमिनीत कापूस पिकायचा, पण तिला खत कमी पडायचं, कारण बरंचसं शेण गोवऱ्या होऊन चुलीत जळत होतं. शेतातला पालापाचोळा, काड्या आणि थोडंसं शेण यांतून भरपूर खत कसं करता येईल, हा प्रश्न होता. उत्तर म्हणून जी पद्धत तयार झाली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते.

पद्धत साधी आहे. उथळ खड्ड्यात वाळका काडीकचरा, शेण, जनावरांच्या मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी पलटी मारायची. तीन महिन्यांत खत तयार. कापसाच्या टणक पऱ्हाट्या तशा कुजत नाहीत, म्हणून त्या शेतरस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरडून घेत. या सगळ्यात हवेला जागा हवी, आणि वाळक्या व ओल्या मालाचं प्रमाण साधायला हवं. कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण साधारण तीसास एक असलं की सूक्ष्मजीव झपाट्याने काम करतात आणि दुर्गंधी येत नाही.

ही पद्धत १९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने पुस्तकरूपाने जगापुढे आणली. त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचंही नाव आहे. वाड हे संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्ड यांना पितामह म्हणतात आणि वाड यांना जवळपास कोणीच ओळखत नाही. इंदूरच्या मराठी माणसांनी तरी हे नाव विसरू नये. गांधीजी १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आले तेव्हा त्यांनी या संस्थेला भेट देऊन खताचं काम पाहिलं होतं.

मग सगळं मातीला परत देण्याची ही साखळी तुटली कुठे? एका दिवसात तुटली नाही. सर्फ १९५९ साली बाजारात आलं, निरमा १९६९ साली. राख आणि रिठे मागे पडले आणि धुण्याचं पाणी झाडांना चालेनासं झालं. गॅस आला तशी राखही संपली. चुलीच्या धुरातून बायकांची सुटका झाली, हे फार मोठं भलं आहे. सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून नर्मदेचं पाणी १९७८ साली शहरात पोचलं. घाट चढवून पंपांनी आणलेलं हे पाणी वापरताना त्यामागची वीज दिसत नाही. विहीर शेंदणाऱ्याला जी काटकसर आपोआप सुचायची, ती नळाने घालवली. परसाच्या जागी फ्लॅट आले, पत्रावळीच्या जागी थर्माकोल. कान्ह आणि सरस्वती या शहरातल्या नद्या सांडपाण्याने भरून गेल्या.

कचऱ्याचा प्रश्न १९९६ साली जनहित याचिकेने सर्वोच्च न्यायालयात पोचला. त्यातून २००० साली देशभरासाठी नियम झाले, आणि २०१६ च्या नियमांनी घरातच कचरा वेगळा करणं बंधनकारक केलं. इंदूरने ते खरोखर अमलात आणलं. देवगुराडियाच्या कचरा डेपोवरचे जुने ढीग हटले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथेच रोज ५५० टन ओला कचरा पचवून सीएनजी तयार करणारा प्रकल्प सुरू झाला. हे काम मोठं आहे आणि त्याचा अभिमान वाटतो. तरीही आपल्या ताटातलं उरलेलं डिझेल जाळून शहराबाहेर न्यायचं आणि कुंडीसाठी रोपवाटिकेतून खताची पिशवी विकत आणायची, हा उलटा व्यवहार अजून चालूच आहे.

घरी खत करून पाहिलेले बरेच जण वासाला आणि अळ्यांना कंटाळून सोडून देतात. असं का होतं, ते वाड आणि हॉवर्ड यांनी सांगून ठेवलं आहे. स्वयंपाकघरातला कचरा ओला आणि नत्राने भरलेला असतो. त्यात वाळकं काही नसेल तर हवा कोंडते आणि तो सडतो. एक भांडं ओल्या कचऱ्यामागे दोन-तीन भांडी सुकी पानं घालावीत, मूठभर माती किंवा जुनं खत घालावं, आठवड्यातून एकदा हलवावं. आपल्या गल्ल्यांत फाल्गुन-चैत्रात निंब आणि पिंपळाची पानं ढिगाने गळतात आणि सकाळी झाडून कचऱ्यातच जातात. ती तेव्हाच दोन-तीन पोती भरून गच्चीवर कोरडी ठेवली, तर सुकी पानं मिळणं अवघड असलेल्या पावसाळ्यातही कमी पडत नाहीत.