प्लेलिस्ट प्लेअरमध्ये टाकणे

संगणकावर लावलेली गाण्यांची यादी, तिचा क्रम न मोडता, खिशातल्या प्लेअरवर नेण्याची क्रिया. यादी आणि गाणी या वेगवेगळ्या फायली असतात, आणि बहुतेक घोटाळे इथेच होतात. यादीच्या फाइलमध्ये आवाज नसतोच. कोणते गाणे कुठल्या फोल्डरमध्ये आहे, एवढेच ओळीने लिहिलेले असते.

सर्वांत रुळलेला प्रकार ‘एम३यू’. विनॅम्प या संगणकावर गाणी वाजवणाऱ्या प्रोग्राममुळे (१९९७) तो घरोघरी पोचला. ही साध्या मजकुराची फाइल नोटपॅडमध्येही उघडते. तिच्यात ‘सी’ ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता असेल तर प्लेअरवर यादीचे नाव दिसते, पण वाजत काहीच नाही. प्लेअरला कुठला आला ‘सी’ ड्राइव्ह? यादी आणि गाणी एकाच फोल्डरमध्ये ठेवून नुसती फाइलनावे लिहिली, तर तो फोल्डर उचलून कुठेही नेता येतो. गाण्यांची नावे देवनागरीत असतील तर जुन्या एम३यूमध्ये त्यांची प्रश्नचिन्हे होतात. अशा वेळी यूटीएफ-८ (सर्व लिप्यांची अक्षरे साठवणारी पद्धत) मधली ‘एम३यू८’ वापरावी. अर्थात प्लेअरला ती वाचता आली पाहिजे.

ॲपलच्या आयपॉड या प्लेअरने (ऑक्टोबर २००१) वेगळा मार्ग धरला. आयट्यून्स हा ॲपलचा संगणकावरचा प्रोग्राम. ती प्रत्येक गाण्याच्या फाइलला नवे, निरर्थक नाव देऊन ती आतल्या फोल्डरांत टाकते आणि शीर्षके, याद्या, क्रम हे सारे ‘आयट्यून्सडीबी’ नावाच्या एका फाइलमध्ये नोंदतो. त्यामुळे माउसने ओढून टाकलेले गाणे जागा अडवते, पण आयपॉडच्या पडद्यावर येतच नाही. आपोआप सिंक (संगणक आणि आयपॉडवरची गाणी सारखी करणे) चालू असेल तर दुसऱ्याच्या संगणकाला आयपॉड जोडताना विशेष जपावे: होकार दिला की आधीची गाणी पुसून त्या संगणकावरची भरली जातात. सोय मोठी, पण मालकी संगणकाची, असा हा व्यवहार आहे.

स्वस्त प्लेअर बहुधा यादी वाचतच नाहीत. मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डात गाणी भरून मिळत, तेव्हाही यादीचे काम फोल्डरच करी. यातले काही प्लेअर नावानुसार वाजवतात. त्यांच्यासाठी फाइलनावाआधी ०१, ०२ असे आकडे घालावेत. एक आकडी १, २ लिहिल्यास १० क्रमांकाचे गाणे २ च्या आधी वाजू शकते. काही प्लेअर मात्र गाणी ज्या क्रमाने कॉपी झाली त्याच क्रमाने वाजवतात. तिथे नावे बदलून उपयोग नाही. कार्ड रिकामे करून गाणी हव्या त्या क्रमाने एकेक टाकावी लागतात. गाडीतल्या पेनड्राइव्हचेही बऱ्याचदा असेच असते.