खुराड्याला ताडपत्री गुंडाळली म्हणजे ब्रूडर झाला नाही

दर पावसाळ्याच्या तोंडावर हेच. कुणीतरी गिरिराज नाहीतर कावेरी जातीच्या कोंबडीची पन्नास-शंभर पिल्लं आणतं, मागच्या पडवीतलं जुनं खुराडं झाडून घेतं, त्याला चारी बाजूंनी निळी ताडपत्री आवळून बांधतं, आत बल्ब सोडतं, की झाला म्हणे ब्रूडर, म्हणजे पिल्लं उबेत ठेवायची पेटी, आणि चार दिवसांनी फोन, की पिल्लं मरतायत, अजून एक बल्ब लावू का? अहो, ऊब कमी नाही पडलेली. हवा कमी पडलीय.

खुराडं काय असतं ते कोकणात कुणाला सांगायला नको. चिऱ्याचं जोतं नाहीतर चार खांब, वर कौलं किंवा पत्रा, पुढे जाळी, तिन्हीसांजेला कोंबड्या आत घेतल्या की दार लावायचं. काम एकच, राखण. मुंगूस, कांडेचोर (उदमांजर), घूस, साप बाहेर राहिले पाहिजेत आणि पाऊस आत येता नये. जाळी अर्धा इंची वेल्डेडच घ्या, स्वस्तातली इंचभर भोकाची घेतलीत तर तिच्यातून उंदीर आणि सापाची पिल्लं आरामात आत येतात. मोठ्या कोंबडीला साधारण दोन चौरस फूट जागा. झालं, खुराड्याबद्दल एवढंच.

ब्रूडर म्हणजे पहिले चारेक आठवडे, पिसं येईपर्यंत, आईच्या पंखाखालची जागा. पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, ती ऊब धरून ठेवत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात 35 अंशांच्या आसपास आणि मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. हे आकडे आता सगळ्यांना पाठ आहेत, कारण सगळ्या व्हिडिओत तेच सांगतात. घोळ त्याच्या पुढे आहे.

ते 35 अंश फक्त बल्बच्या खाली, पिल्लांच्या पाठीच्या उंचीला पाहिजेत. अख्ख्या पेटीत नाही! खुडूक कोंबडीने पिल्लं काढली की जरा बघत बसा. पिल्लू पोटाखाली शेकून घेतं, बाहेर येऊन कण्या टिपतं, गार वाटलं की पुन्हा आत घुसतं. कोंबडी काय अख्खं खळं तापवत नाही. ऊब एका जागी असते आणि किती घ्यायची ते पिल्लू ठरवतं, ब्रूडरमध्येही तेच जमवायचं असतं, मध्ये एक गरम ठिकाण, भोवती साधी हवा, खाद्य आणि पाणी त्या गरम जागेच्या कडेला, बल्बच्या बरोबर खाली नको. गच्च बंद पेटीत पिल्लाला पळायला जागाच राहत नाही. मग ती चोची उघडून धापा टाकतात, पंख अंगापासून लांब धरतात, पाणी जास्त पितात, विष्ठा पातळ होते, खाली अंथरलेला भाताचा तूस भिजतो, अमोनियाने डोळे चुरचुरतात. आणि मालक म्हणतो पिल्लं मलूल दिसतायत, थंडी लागली असेल. लाव अजून एक बल्ब!

त्याच गोंधळाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे वारा आणि हवा यातला फरक. ब्रूडरची भिंत ऊब कोंडायला नसतेच, जमिनीलगतचा झोत अडवायला असते. दीड फूट उंची पुरते. वरची बाजू उघडी ठेवायची, मांजर-कावळ्यासाठी फक्त जाळी टाकायची, म्हणजे दमट हवा वरून निघून जाते. गावातल्या एखाद्या काकांना हे सांगितलं की ते म्हणतात, "अरे पण ऊब रवाक व्हयी मा?" ऊब बल्ब देतो हो काका, बल्ब चालू आहे तोवर ती राहतेच. चारी बाजूंनी पडदे लावा म्हणणारे ते व्हिडिओ देशावरचे असतात, जिथे डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो, आणि तिथेही जाणकार माणूस वरून फट ठेवतो. आपल्याकडे किनाऱ्याला जुलैच्या रात्रीसुद्धा 24-25 अंश असतात, वाढवायचे आहेत जेमतेम दहा. आपला शत्रू ओल आहे. रत्नागिरीला एका मोसमात 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि ओला, उबदार तूस म्हणजे कॉक्सिडिओसिसच्या, म्हणजे आतड्याच्या रोगाच्या, जंतूंना पाहिजे तसलं अंथरूण. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून विष्ठेत रक्त दिसायला लागलं तर आधी तूस बघा, मग औषध विचारा.

बाकी गोष्टी किरकोळ आहेत, पण चिडचिड होते म्हणून लिहितो. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही, जुना तारेचाच शोधा, पिल्लामागे एक-दोन वॅट धरा. पन्नास पिल्लांवर 250 वॅटचा लाल बल्ब लावणारे वेगळेच. आकार गोलच ठेवा, पत्रा, पुठ्ठा, बांबूची तट्टी, काहीही चालेल, कारण कोपरा मिळाला की पिल्लं एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. आंब्याची पेटी घेणार असाल तर फटींना आतून पुठ्ठा लावा, कोपरेही पुठ्ठ्यानेच गोल करून घ्या. आणि मासळी बाजारातून आणलेला तो थर्माकोलचा खोका, कृपा करून नको. पिल्लं तो टोचून खातात, बल्ब टेकला तर वितळतो, पेटूही शकतो. बल्ब नुसत्या वायरवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.

थर्मामीटर नसेल तरी अडत नाही. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवाट चालला असेल तर बल्ब चार बोटं खाली घ्या, सगळी कडेला पांगून धापा टाकत असतील तर वर. एकाच बाजूला सरकून बसली असतील तर दुसरीकडून झोत येतोय. सगळीकडे पसरून काही खातायत, काही झोपलीत, मग हात लावू नका. लाइट गेली तर कोळशाची शेगडी बंद खोलीत नेऊ नका, तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूने पिल्लं जातात आणि माणूसही. गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवा, निवल्या की बदला.

पिसं भरली की खुराड्यात हलवा, पण पहिले दोन-तीन दिवस रात्री दार लावल्यावर एकदा बघून या, नव्या जागेत ती कोपऱ्यात ढीग करतात.

आणि दहा-बाराच पिल्लं असतील, घरात पक्की खुडूक कोंबडी असेल, तर ब्रूडरच्या भानगडीत पडूच नका. रात्री अंधारात एक दिवसाची पिल्लं हळूच तिच्या पोटाखाली सरकवा. बहुतेक कोंबड्या सकाळी आपलीच समजतात. एखादी टोचत असेल तर मात्र लगेच काढून घ्या.