प्रश्नानंतरचा एक सेकंद : नव्या शिक्षकाने स्वतःचा तास कसा तपासावा

बी.एड.च्या सराव पाठानंतर छात्राध्यापकाला आत्मपरीक्षण लिहावे लागते. त्या वहीत बहुधा ‘पाठ चांगला झाला’, ‘फलकलेखनात सुधारणा हवी’, ‘वेळेचे नियोजन चुकले’ अशी वाक्ये आढळतात. ती खोटी नसतात. मात्र उद्याच्या तासाला नेमके काय बदलायचे, हे त्यांवरून कळत नाही.

यामागचे कारण आळस नव्हे. एका वेळी मनात धरता येईल इतकी माहिती फार मर्यादित असते, आणि नव्या शिक्षकाचे सगळे लक्ष विषय, टाचण (पाठाची लेखी आखणी), फळा व वर्गातील शांतता सांभाळण्यातच गुंतलेले असते. ज्याकडे लक्षच गेले नाही ते स्मरणात राहत नाही, म्हणून संध्याकाळी आठवून लिहिलेल्या चिंतनात तासाचा मोठा भाग आपोआप गळून पडतो.

अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात मांडलेले निष्कर्ष याचे फार बोलके उदाहरण आहेत. वर्गांतील संवादांच्या ध्वनिफिती तपासताना त्यांना आढळले की, प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, आणि तेवढ्यात उत्तर आले नाही तर प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. ही विश्रांती तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केली, तेव्हा मुलांची उत्तरे अधिक मोठी झाली, ‘माहीत नाही’ किंवा नुसते मौन कमी झाले आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. उत्तर ऐकल्यानंतर ‘शाब्बास’ म्हणण्यापूर्वी घेतलेली दुसरी विश्रांतीही तितकीच मोलाची ठरली, कारण त्या अवकाशात मूल आपले उत्तर स्वतःच पुढे नेते. मला सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष वेगळाच आहे : शिक्षक ज्यांना हुशार समजत होते त्यांच्यासाठी ते अधिक वेळ थांबत, आणि ज्यांना विचार करायला वेळ लागतो त्यांच्यासाठी कमी. असा पक्षपात कोणताही शिक्षक वहीत लिहिणार नाही, कारण तो आपल्याकडून होतो हे त्याला ठाऊकच नसते.

म्हणून आत्मपरीक्षणाला पुरावा हवा. शाळेची परवानगी घेऊन मोबाईलवर तासातील दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करावे आणि ते एकाच प्रश्नासाठी ऐकावे : मी किती थांबलो, आणि कोणासाठी? सगळे एकदम तपासायला गेल्यास काहीच हाती लागत नाही. स्वतःचा आवाज ऐकणे सुरुवातीला नकोसे वाटते आणि लक्ष आपल्या उच्चारांकडे, अडखळण्याकडे वळते. हेही स्वाभाविकच आहे. नव्या शिक्षकांची काळजी आधी स्वतःविषयी असते आणि मुलांच्या शिकण्याकडे ती उशिरा वळते, अशी मांडणी अमेरिकेतील शिक्षणसंशोधक फ्रान्सिस फुलर यांनी 1969 मध्येच केली होती. मुलांच्या उत्तरांची नोंद शब्दशः लिहून काढली, तर हे वळण लवकर येण्यास मदत होते, असे मला वाटते.

त्यानंतर पुढच्या तासात एवढी एकच गोष्ट बदलावी आणि काही दिवसांनी पुन्हा ध्वनिमुद्रण करावे. रो यांच्या अभ्यासात शिक्षक अधिक थांबू लागले तसे त्यांचे प्रश्नही बदलले : ते संख्येने कमी झाले, आणि एका शब्दात उत्तर संपणार नाही असे प्रश्न वाढले.