ओट्यावरचं चिलट आणि कुंडीतलं चिलट

आंबे संपले, फणसाचे शेवटचे गरे खाऊन झाले, ओटा पुसून कोरडा केला, तरी घरात चिलटं भिरभिरतातच. मग कोणीतरी हमखास सांगतं: वाटीत व्हिनेगर घ्या, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि वाटी कुंड्यांशेजारी ठेवा. आषाढ लागला की कोकणातल्या घराघरांतून हा सल्ला फिरू लागतो. कुंडीतल्या चिलटांवर त्याचा काही म्हणजे काही उपयोग नाही. वाटीत दोन-चार मरतात, आठवडा वाया जातो, आणि तेवढ्यात मिरीचं छाट कलम मान टाकतं. ओट्यावरचं चिलट वेगळं आणि कुंडीतलं वेगळं. दोघांची घरं वेगळी, खाणं वेगळं, म्हणून उपायही वेगळे.

ओट्यावरचं चिलट तुम्ही ओळखताच. पिवळट-तपकिरी, बसकं, लाल डोळ्यांचं, पिकल्या केळ्यावर घुटमळणारं. शास्त्रात त्याला ड्रोसोफिला म्हणतात. आंबलेल्या फळाचा वास त्याला खेचून आणतो आणि त्या आंबलेल्या गरातच ते अंडी घालतं. वैशाख-ज्येष्ठात रायवळ आंब्यांची टोपली, कोकमाचा रस, आंबापोळीची ताटं सगळीकडे असतात, तेव्हा त्याचं राज्य. फळं झाका, साली लगेच बाहेर टाका, सिंकच्या जाळीत अडकलेला चोथा काढा, की दहा-बारा दिवसांत ते आटोक्यात येतं. व्हिनेगरची वाटी याच्यासाठी चांगली आहे. खुशाल ठेवा, पण ओट्यावर.

कुंडीतलं चिलट दिसायला बारीक डासासारखं असतं. काळपट, सडपातळ, लांब पायांचं, लांब मिशांचं, जेमतेम 2 ते 3 मिलिमीटर. भिंग असेल तर पंखावर इंग्रजी वाय अक्षरासारखी फाटलेली शीर दिसते. शास्त्रात ही ब्रॅडिसिया जातकुळीची माशी. इंग्रजीत तिला फंगस नॅट म्हणतात. ती चावत नाही. उडायला कमजोर असते. कुंडी हलवली किंवा पाणी घातलं की मातीतून भुर्रकन उठते आणि पुन्हा तिथेच येऊन बसते. मातीवरून तुरुतुरु धावताना दिसली, तर शंकाच नको.

खरी गफलत ऋतूमुळे होते. आपल्याकडे एकीचा हंगाम संपता संपता दुसरीचा सुरू होतो. जूनअखेर फळं सरतात आणि त्याच सुमारास पडवीतल्या, माजघरातल्या कुंड्या दिवसेंदिवस ओल्या राहू लागतात. हवाच इतकी दमट की माती वरून सुकतच नाही. माणसाला वाटतं, ओट्यावरची चिलटं झाडांवर गेली. तसं कुठलंही स्थलांतर झालेलं नसतं. ही नवी पिढी कुंडीतल्या मातीतच जन्मलेली असते. फळांचा एक कणही घरात नसला तरी ती जन्मणारच, कारण तिला लागते ओली माती आणि मातीतली बुरशी.

म्हणून मी पुन्हा पुन्हा हेच सांगतो: उडणारं चिलट बघू नका, अळी बघा. मोठी माशी जगते आठवडाभर, झाडाला काहीही करत नाही, पण तेवढ्यात ओल्या मातीत शे-दीडशे अंडी घालून जाते. तीन-चार दिवसांत अळ्या बाहेर पडतात. पांढऱ्या, जवळजवळ पारदर्शक, पण डोकं काळं चकचकीत. पूर्ण वाढल्या तरी पाच-सहा मिलिमीटरच. वरच्या दोन-तीन इंच मातीत राहतात, बुरशी आणि कुजणारा पालापाचोळा खातात, आणि ते कमी पडलं की कोवळ्या मुळांकडे वळतात. दोनेक आठवडे अळी, चार-पाच दिवस कोष, आणि पुन्हा माशी. आपल्या पावसाळी उबेत हे चक्र साधारण तीन आठवड्यांत पूर्ण होतं. वरची माशी फवाऱ्याने मारली तरी खालची अंडी, अळ्या आणि कोष सुखात असतात. घरात झुरळांचा स्प्रे कुंडीवर मारणारी माणसं मी पाहिली आहेत आणि दर वेळी वाईट वाटतं. विष घरातल्यांच्या नाकात जातं, अळीपर्यंत पोचत नाही.

मोठ्या झाडाला या अळ्यांचं फारसं काही वाटत नाही. जुनी तुळस, मनीप्लांट, जास्वंद त्या सहज सोसतात. धोका आहे तो मुळं धरू पाहणाऱ्या मिरीच्या छाट कलमांना आणि ट्रेमध्ये पेरलेल्या वांगी-मिरचीच्या रोपांना. मुळांची बारीक तुसं खाल्ली गेली की माती ओली असूनही रोप मरगळतं. जखमेतून मूळकुज शिरते. आणि इथे माणूस नेमकी उलटी गोष्ट करतो: पान लवलं म्हणून आणखी पाणी घालतो. ते पाणी रोपाला नाही, अळ्यांना मिळतं.

खात्री करायची असेल तर बटाट्याची अर्धा सेंटिमीटर जाड कच्ची चकती मातीवर दाबून ठेवा. दोन-तीन दिवसांनी उलटून बघा. काळ्या डोक्याच्या अळ्या चिकटलेल्या असतील तर निदान झालं. मला ही परीक्षा सगळ्यात आवडते, कारण तिच्यानंतर वाद उरत नाही. पिवळी चिकट कार्डंही लावा, मातीलगत आडवी. पण ती मोजदादीसाठी आहेत. कार्डावर पन्नास माश्या दिसल्या म्हणून उपाय झाला असं समजू नका. आणि आंब्याच्या बागेत लावतात तो फळमाशीचा सापळा घरात टांगू नका. त्यातलं मिथाइल युजेनॉल बागेतल्या फळमाशीच्या नरांना बोलावतं. ती माशी चांगली घरमाशीएवढी असते, तिचा या दोघींशी काही संबंध नाही.

पहिला उपाय आणि निम्म्याहून जास्त काम करणारा उपाय एकच, वरची माती सुकू देणं. दोन-तीन सेंटिमीटर थर कोरडा झाल्याशिवाय पाणी नको. कुंडी उचलून बघा, जड लागली तर पाण्याचा तांब्या परत ठेवा. ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका. आषाढ-श्रावणात माती आपोआप सुकणार नाही, म्हणून टेबल फॅन रोज थोडा वेळ मातीवरून फिरू द्या. वारा सुटला की या माशीला नीट उडताही येत नाही. मातीवर सेंटिमीटरभर जाड, धुतलेल्या नदीच्या वाळूचा थर दिला तर अंडी घालायला ओली जागा मिळत नाही. पुळणीवरची वाळू मात्र आणू नका. समुद्र दारात आहे म्हणून लोक ती पिशवीभर आणतात, आणि तिच्यातलं मीठ आणि शिंपल्यांचा चुना कुंडीत उतरतो.

एवढ्याने भागलं नाही तर बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा अळ्या मारणारा जिवाणू. इथे दुसरी गफलत आहे. दुकानात बीटी मागितलं की बहुतेक वेळा कुर्स्टाकी प्रकार हातात ठेवतात. तो पानं खाणाऱ्या सुरवंटांसाठी, या अळ्यांना त्याने काही होत नाही. आपल्याला हवा इस्रायलेन्सिस प्रकार. 1976 साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या एका डबक्यात तो सापडला आणि आज डासांच्या अळ्या मारायला जगभर वापरला जातो. डास आणि ही माशी दोन्ही द्विपंखी, म्हणून दोघांच्या अळ्यांवर तो चालतो. पुडीवर पूर्ण नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. लेबलवरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून मातीत ओता, आणि आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा द्या. मातीत तो फार टिकत नाही आणि कोषांना काही करत नाही, त्यामुळे एकदा ओतून थांबलात तर पुढची पिढी सुटते.

हायड्रोजन पेरॉक्साइड ओतण्याचा सल्ला मला पटत नाही. अळ्या मरतात हे खरं, पण शेणखत आणि गांडूळखत घालून जी जिवंत माती तयार केली, तिच्यातले जिवाणूही भाजून निघतात. निंबोळी पेंड चांगली, पण वर पसरू नका. दमट हवेत पेंडीवरच बुरशी धरते आणि अळ्यांना जेवण वाढल्यासारखं होतं. ती माती तयार करतानाच आत मिसळा.

जीवामृत, म्हणजे शेण, गोमूत्र आणि गूळ आंबवून केलेलं पातळ खत, करणाऱ्यांकडे दोन्ही चिलटं एकदम दिसतात आणि गोंधळ दुप्पट होतो. गूळ आंबतो म्हणून पिंपावर ड्रोसोफिला जमते. पिंपाच्या तोंडाला सुती फडकं घट्ट बांधलं की ती अडते. तेच जीवामृत घरातल्या ओल्या कुंडीत दर आठवड्याला ओतलं की मातीतली ओल कायम राहते आणि ब्रॅडिसिया फोफावते. पावसाळ्यात घरातल्या कुंड्यांना जीवामृत बंद ठेवा, परसातल्या झाडांना घाला. यावरून कोणी म्हणालं की सेंद्रिय मातीतच किडे होतात, आता युरिया घाला, तर ऐकू नका. अर्धवट कुजलेलं शेण आणि सततची ओल ही कारणं आहेत. पूर्ण कुजलेलं, मातीचा वास येणारं खत या माशीला फारसं रुचत नाही.

आणि ते खत पावसाआधी घरात यायला हवं. एप्रिल-मेमध्ये शेणखत आणि कोकोपीट अंगणात पातळ पसरा, किंचित ओलं करून वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने दाबा, आणि चार-सहा आठवडे कडक ऊन खाऊ द्या. त्या उष्णतेत अंडी आणि अळ्या टिकत नाहीत. मग गोणीत भरून तोंड बांधा आणि कोरड्या जागी, जमिनीपासून उंच फळीवर ठेवा. जुलैत रोपवाटिकेतून आणलेली रोपाची नवी पिशवी मात्र तीन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून लांब, पडवीच्या दुसऱ्या टोकाला, पिवळं कार्ड लावून ठेवायची.