पर्च माशाचा हंगाम

पर्च हा युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा. गळाला तो बारा महिने लागतो, पण सर्वांत चांगला काळ सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंतचा, म्हणजे ढोबळमानाने भाद्रपद ते कार्तिक. इंदूरकरांना हे लक्षात ठेवायला सोपे आहे : इकडे अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघाल्या की तिकडे पर्चचा हंगाम उघडतो. इंदुरातल्या कित्येक मराठी घरांतली मुले आज इंग्लंड, जर्मनी, फिनलंड किंवा अमेरिकेत आहेत आणि सुटीच्या दिवशी तळ्याकाठी गळ टाकून बसतात. त्यांनी तारखेपेक्षा पाण्याचे तापमान पाहावे. माशाच्या अंगाची ऊब पाण्याबरोबर बदलते. त्याची भूक, त्याची हालचाल आणि त्याची वीण या तिन्ही गोष्टी त्यावर ठरतात.

युरोपीय पर्चला स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअसने १७५८ साली ‘पर्का फ्लुव्हिॲटिलिस’ हे शास्त्रीय नाव दिले. अमेरिकेतला पिवळा पर्च त्याचा सख्खा भाऊ शोभावा असा. हिरवट अंगावर उभे काळपट पट्टे, पोटाखालचे पर शेंदरी, आणि पाठीवर दोन पर. त्यांतला पुढचा काटेरी. फिनलंडचा हा राष्ट्रीय मासा आहे. मराठी वाचकाची गल्लत होते ती नावामुळे. कोकणातल्या जिताड्याला इंग्रजीत कधी ‘समुद्री पर्च’ म्हणतात, ओल्या जमिनीवरून सरपटत जाणाऱ्या कोई माशाला ‘चढणारा पर्च’ म्हणतात, आणि नर्मदेतल्या पारदर्शक, बोटभर चांद्याला ‘काचेचा पर्च’. तिघेही वेगळ्या कुळांतले. या नोंदीत पट्टेदार, थंड पाण्यातल्या खऱ्या पर्चचाच विचार केला आहे.

शरद ऋतूत पर्च इतका का लागतो, हे समजून घेण्यासारखे आहे. उन्हाळ्यात खोल तळ्याच्या पाण्याचे थर पडतात : वर कोमट, खाली गार, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी प्राणवायू कमी होत जातो. सप्टेंबरनंतर वरचे पाणी गार होते, जड होते आणि खाली उतरते. वारा त्याला ढवळतो आणि सगळे तळे वरपासून खालपर्यंत एकजीव होते. त्याच सुमारास काठच्या पाणवनस्पती कुजू लागतात. त्यांच्या आडोशाने उन्हाळाभर वाढलेली इतर माशांची पिल्ले उघडी पडतात आणि थवे करून खोल पाण्याकडे सरकतात. पर्च थव्याने, डोळ्यांनी पाहून शिकार करणारा मासा. त्याला ही मेजवानीच. त्यात मादीच्या पोटात पुढच्या वर्षीची अंडी याच दिवसांत भरू लागतात, त्यामुळे हिवाळ्यापूर्वी तिला भरपूर खाणे भाग असते. भुकेला मासा, एका जागी गोळा झालेले भक्ष्य आणि स्वच्छ पाणी, असा तिहेरी योग वर्षात पुन्हा येत नाही.

या दिवसांत गांडूळ लावून गळ टाकला तर दोरीला बांधलेले तरंगते बूच आधी दोनतीनदा ठुमकते. हा पर्चचा स्वभाव : तो आधी टोकरतो. मग बूच तिरपे सरकत पाण्याखाली जाते. तेव्हाच काठी उचलावी. त्याआधी उचलली तर गळ रिकामा येतो. फार वाट पाहिली तर तो आमिष घशापर्यंत गिळतो आणि गळ काढताना त्याचा जीव जातो. माशाला धरताना ओला तळवा डोक्याकडून शेपटीकडे फिरवावा, म्हणजे पाठीचे काटे मिटून बसतात. उलटा हात फिरवला तर बोटातून रक्त आल्याशिवाय राहत नाही. कल्ल्यांच्या झाकणालाही मागे एक टोक असते, ते नवख्याला दिसत नाही. एक मासा लागला की गळ लगेच तिथेच टाकावा, कारण थव्यातले मासे साधारण एकाच आकाराचे असतात आणि बाकीचे जवळच असतात. सगळे लहानच लागत असतील तर मात्र जागा बदललेली बरी. दिवसातली सर्वांत चांगली वेळ उजाडताना आणि मावळतीला. अंधार पडला की पर्च तळाशी निपचित बसतो.

हिवाळ्यात तो खोल जातो. पाणी चार अंशांना सर्वांत जड असते, म्हणून बर्फाखालच्या तळ्यात तळच त्यातल्या त्यात उबदार. उत्तरेकडच्या देशांत बर्फाला भोक पाडून, त्यातून छोटा चमकता गळ वरखाली हलवत पर्च धरतात. बर्फ नुकता धरतो तेव्हा आणि वितळायच्या बेतात असतो तेव्हा तो जास्त लागतो. याच दोन वेळी बर्फ माणसाचे वजन पेलेल याची खात्री नसते, हेही तितकेच खरे. खोल पाण्यातून भराभर वर ओढलेला पर्च परत सोडून उपयोग नसतो. त्याचा वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, बंद असतो, आतली हवा त्याला चटकन बाहेर टाकता येत नाही आणि तो पोट फुगून वरच तरंगत राहतो. सोडून द्यायच्या हेतूने गळ टाकणाऱ्याने फार खोल जाऊच नये.

वसंतात, पाणी साधारण आठ ते बारा अंशांवर आले की वीण होते; मध्य युरोपात एप्रिल-मे. मादी सगळी अंडी एकाच लांब, पोकळ, जाळीदार पट्टीत घालते आणि ती बुडालेल्या फांद्यांवर लोंबत राहते. भिजवलेल्या साबुदाण्याची विणलेली लेस असावी तशी ती दिसते. अंगठ्याएवढ्या फांदीवर एका मादीची वर्षभराची कमाई असते. काठावरून चालताना बूट तिच्यावर पडू नये. विणीच्या आधी काठाला आलेल्या जाड माद्या सहज लागतात आणि म्हणून काही जण हाच हंगाम सर्वोत्तम मानतात. मला ते पटत नाही. इंग्लंडमधल्या नद्यांवर तर १५ मार्च ते १५ जून पर्चसाठी गळ टाकायला बंदीच असते. वीण उरकल्यावर मे अखेरीस पर्च पुन्हा खायला लागतो. पिवळ्या पर्चचा जुना अमेरिकी विक्रम, सुमारे १.९ किलोचा मासा, न्यू जर्सीतल्या बॉर्डनटाउनला १८६५ च्या मे महिन्यातच लागला होता. ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकात नेऊन सोडलेला पर्च ‘रेडफिन’ नावाने ओळखला जातो. तिथे ऋतू उलटे, म्हणून त्याची वीण सप्टेंबर-ऑक्टोबरला आणि शरद ऋतू मार्च-एप्रिलला.

माळव्यात पर्च जगवता येईल का, असे कुणी विचारते. मादीची अंडी पिकायला काही महिन्यांचे सलग थंड पाणी लागते. इंदूरच्या हिवाळ्यात ते मिळत नाही. गंभीर नदीवरचा यशवंत सागर, ज्याला सिरपूर तलावाबरोबर २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तोही थंडीत पर्चला पुरेल इतका गार होत नाही. आणि परका शिकारी मासा आपल्या तळ्यात आणूच नये. ऑस्ट्रेलियातल्या छोट्या देशी माशांनी त्याची किंमत मोजली आहे.

आपल्याकडच्या माशांचे वर्ष थंडीवर नव्हे, पावसावर चालते. इंग्लंडच्या नद्या १६ जूनला उघडतात, आणि नेमक्या त्याच तारखेपासून मध्य प्रदेशात मासेमारी बंद होते, ती १५ ऑगस्टपर्यंत. रोहू, कटला, मृगळ पुराच्या नव्या पाण्यात अंडी घालतात, म्हणून ही बंदी. नदी-नाल्याशी न जोडलेली छोटी तळी तेवढी तिच्यातून वगळलेली आहेत. पाऊस ओसरून पाणी निवळले की दसऱ्यापासून दिवाळीनंतरच्या पंधरवड्यापर्यंत माळव्यात गळ चांगला चालतो. कडाक्याच्या थंडीत कटला-रोहू सुस्तावतात आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते त्या सुमारास पाणी तापू लागले की पुन्हा आमिषाला येतात. तलाव ठेक्याने दिलेला असेल तर ठेकेदाराला विचारूनच बसावे.

मरळीची गोष्ट निराळी. पावसाळ्याच्या तोंडावर उथळ पाण्यात कधी तांबूस-नारिंगी पिल्लांचा पुंजका हलताना दिसतो, जणू केशर सांडलेय. वीतभर खाली नर-मादी राखणीला असतात आणि जवळ येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर झेप घेतात, गळावरही. ती झेप भुकेची नसते. राखणारे गेले की तो पुंजका संध्याकाळपर्यंत इतर मासे आणि बगळे संपवून टाकतात.