रबाळ्याची हवा पिळली तर

जुलैत नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीतल्या रंग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात गेलो होतो. रंग ढवळणारी एअर मोटर जाम झाली होती. सॉल्व्हंटची वाफ पेट घेऊ नये म्हणून अशा ठिकाणी विजेऐवजी दाबलेल्या हवेवर फिरणारी मोटर लावतात. फिटर ती उघडत म्हणाला, "छपरातून पाणी शिरतं हो, दर पावसाळ्यात हेच." वर पाहिलं तर छप्पर कोरडं होतं. पाणी हवेच्या पाइपातूनच आलं होतं.

हा गैरसमज बऱ्याच ठिकाणी ऐकतो, म्हणून हिशोब मांडतो. 30 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅम वाफ मावते. खाडीकाठच्या पावसाळ्यात आर्द्रता 85 टक्के धरली, तर त्यात सुमारे 26 ग्रॅम वाफ असते. हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा काटा बाहेरच्या हवेच्या 1 बार दाबाच्या वरचा दाब दाखवतो. म्हणून त्यावर 7 बार दिसतात तेव्हा बाहेरची 8 घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबलेली असते. वाफही तिच्याबरोबर कोंबली जाते: 8 गुणिले 26, म्हणजे 208 ग्रॅम.

आता खरी गंमत. ठरावीक जागेत किती वाफ मावेल हे तापमान ठरवतं. तिथे हवा किती दाबून भरली आहे याचा त्यावर जवळजवळ परिणाम होत नाही. कॉम्प्रेसरमधून निघताना हवा चांगलीच तापलेली असते, म्हणून सगळं पाणी वाफ होऊन लपून राहतं. टाकीत ती 35 अंशांवर आली की त्या एका घनमीटरात फक्त 40 ग्रॅम वाफ टिकते. उरलेल्या 168 ग्रॅमचं पाणी होतं. मिनिटाला 100 घनफूट हवा देणारा कॉम्प्रेसर तासाला बाहेरची साधारण 170 घनमीटर हवा ओढतो; दाबल्यावर ती जेमतेम 21 घनमीटर उरते. त्यातून तासाला साडेतीन लिटर, आठ तासांच्या पाळीत 28 लिटर पाणी निघतं. पिण्याच्या पाण्याचा 20 लिटरचा जार भरून वर उरेल इतकं!

टाकीतलं पाणी काढायचा ड्रेन कॉक सोडला म्हणजे सुटलो, असंही नाही. टाकीतून निघालेली हवा वाफेने काठोकाठ भरलेलीच असते. पुढचा पाइप पावसात भिजत 28 अंशांवर आला, की दर घनमीटरमागे आणखी 12 ग्रॅम पाणी पाइपातच सुटतं. म्हणून मुख्य पाइपाला उतार द्यावा, मोटरकडे जाणारा फाटा त्याच्या वरच्या अंगाने काढावा आणि मोटरजवळ फिल्टर बसवावा. क्रमही महत्त्वाचा: आधी फिल्टर, मग दाब ठरवणारा रेग्युलेटर, शेवटी तेलाचा लुब्रिकेटर. हवा सुकवणारा ड्रायर परवडत असेल तर उत्तमच.

मोटरीत या पाण्याने काय होतं? सिलिंडरमध्ये एका बाजूला सरकवून बसवलेल्या रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या, खाचांत पाती असतात. फिरताना ती बाहेर फेकली जाऊन सिलिंडरच्या भिंतीला घासत जातात, आणि मध्ये असतो तो फक्त तेलाचा पातळ थर. पाणी हा थर धुऊन काढतं. तेल-पाण्याचा दुधाळ चिखल खाचांत बसतो, पाती अडकतात. रात्रभर मोटर बंद राहिली की लोखंडाला गंज धरतो. रबाळ्यातल्या मोटरीच्या खाचांत नेमका तोच चिखल होता.

दसऱ्याला मशीनला हार घालतात, ते मला मनापासून आवडतं. पण मोटर सारखी बंद पडते म्हणून तिच्यावर लिंबू-मिरची टांगायची आणि फिल्टरचा बाऊल महिनोन्‌महिने तुंबू द्यायचा, हे पटत नाही. मोटर मंदावली की रेग्युलेटर पिळून दाब वाढवणंही तसंच. त्याने पाती झिजतात आणि मूळ दोष तिथेच राहतो.

लुब्रिकेटरमध्ये हाताला लागेल ते इंजिन ऑइल ओतू नका. बहुतेक मोटरींना 32 ग्रेडचं पातळ तेल चालतं, तरी मोटरीची पुस्तिका बघा. काही मोटरी बिनतेलाच्याही असतात. तेलावर चालणारी मोटर सुट्टीआधी बंद करताना हवेच्या तोंडातून तेलाचे चार थेंब सोडा आणि ती काही सेकंद फिरवा, म्हणजे आत तेलाचा लेप राहतो.

त्या दिवशी फिटरने पाती पुसून बसवली आणि मग टाकीखाली बादली धरून ड्रेन उघडला. बादली भरली, तरी धार चालूच होती.